वाटणीच्या दाव्यात भावाकडचे कागद साक्षीपुराव्याआधी कसे पाहायचे

प्रश्न थोडक्यात असा: वडिलोपार्जित शेती आणि वाड्याच्या वाटणीसाठी बहिणीने वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात दावा लावला आहे. भावाने कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) "१९९८ मध्येच वाटणीपत्र झाले" असे लिहिले आहे, पण प्रत जोडलेली नाही. उसाची बिले, वाड्याच्या भाड्याचा हिशेब, पासबुके सगळे त्याच्याच कपाटात. २००९ साली त्याने स्वतःच्या नावावर जमीन घेतली, ती एकत्र उत्पन्नातून घेतली असे बहिणीचे म्हणणे. मुद्दे, म्हणजे न्यायालयाने ठरवायचे वादाचे प्रश्न, अजून निघालेले नाहीत. साक्षी सुरू होण्याआधी हे कागद पाहायला मिळतील का, आणि कसे?

मिळतात. मात्र "प्रतिवादीकडील सर्व कागदपत्रे हजर करण्याचा हुकूम व्हावा" असा एकच ढोबळ अर्ज देऊ नका. तो "गळ टाकून बसण्याचा प्रकार" म्हणून फेटाळला जातो, आणि एकदा फेटाळला की दुसऱ्या नेमक्या अर्जावरही तोच शेरा उलटा फेकला जातो. तुमच्या यादीतले कागद चार जातींचे आहेत आणि प्रत्येकाचा दरवाजा वेगळा आहे. कैफियतीत ज्याचा उल्लेख आहे तो कागद, उल्लेख नाही पण भावाजवळ आहे तो, तिऱ्हाइताजवळ आहे तो, आणि जो मागायला भावाकडे जायचीच गरज नाही तो. शेवटच्यापासून सुरू करू, कारण तिथे परवानगी लागत नाही आणि पुढच्या अर्जाचा पाया तिथेच पडतो.

आधी सरकारी दप्तर

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीवर १५ रुपयांत मिळतो, पण आजच्या सातबाऱ्याने इथे फारसे काम होत नाही. १९९८ च्या आधीचे आणि नंतरचे जुने हस्तलिखित सातबारे, ८-अ आणि सगळे फेरफार क्रमाने काढा. नुसता फेरफाराचा उतारा घेऊन थांबू नका. तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफारामागची संचिका मागा. त्यात वर्दी (नोंदीसाठी दिलेली लेखी खबर) असते, नोटिसा असतात, तलाठ्यापुढचे जबाब असतात. वडील गेल्यावर वारसनोंद झाली असेल आणि त्या वेळी भावाने "जमीन एकत्र आहे, वारस आम्ही सगळे" असा जबाब दिला असेल, तर १९९८ च्या वाटणीच्या गोष्टीला तिथेच तडा जातो. १९९८ नंतर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाची कार्यवाही झाली का, हेही बघा. झाली नसेल तर ती का झाली नाही, हा प्रश्न पुढे भावाला विचारता येतो.

दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्तांची यादी) शोधा, १९९८ ची आणि नंतरच्या एक-दोन वर्षांचीही. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे पुस्तक क्रमांक १ मधली स्थावराची नोंद कोणालाही पाहता येते आणि नक्कल मिळते. २००९ च्या खरेदीखताची नक्कलही तिथेच. ही नोंद दिसली की नाही याला वजन आहे, कारण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६(५) मध्ये २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटणीला संरक्षण आहे, पण वाटणी म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा, असे स्पष्टीकरण तिथेच दिले आहे. २०२० च्या विनीता शर्मा निकालात तोंडी वाटणीचा बचाव अपवादानेच, तोही सार्वजनिक दस्तांचा आधार असेल तरच ऐकायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. म्हणून भावाचा कागद नोंदवलेला आहे की साधा, हा या दाव्यातला सगळ्यात महाग प्रश्न आहे आणि त्याचे अर्धे उत्तर भावाला न विचारता मिळते.

कैफियतीत उल्लेख असलेला कागद: ऑर्डर ११, नियम १५

दिवाणी प्रक्रिया संहितेतला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा नियम आहे. समोरच्याने आपल्या कैफियतीत, प्रतिज्ञापत्रात किंवा कागदयादीत एखाद्या दस्ताचा उल्लेख केला, की तो पाहण्यासाठी आणि त्याची नक्कल घेण्यासाठी तुम्ही नोटीस देऊ शकता. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागत नाही. निशाणी ५ च्या (दाव्यासोबतच्या तात्पुरत्या) मनाईअर्जाला दिलेल्या म्हणण्यासोबत भावाचे प्रतिज्ञापत्र असेल तर तेही वाचून काढा. कैफियतीत सांभाळून लिहिणारे वकील तिथे घाईत दोन-चार कागदांची नावे लिहून जातात.

मुदत मात्र पाळा. नोटीस मुद्दे निघण्याच्या वेळेपर्यंत किंवा त्याआधी द्यायची. तुमचा दावा आज नेमका त्या टप्प्यावर आहे, म्हणून पुढच्या तारखेची वाट न पाहता नोटीस जाऊ द्या. नमुना संहितेच्या परिशिष्ट सी मध्ये क्रमांक ७ चा आहे. मजकूर मराठीत साधा ठेवला तरी चालतो:

"प्रतिवादी क्र. १ यांनी कैफियतीच्या परिच्छेद ९ मध्ये उल्लेख केलेले सन १९९८ चे कथित वाटणीपत्र, अस्सल, मुद्रांकाच्या पाठीमागील बाजूसह व सोबतच्या याद्या-नकाशांसह, वादीस पाहण्यासाठी उपलब्ध करावे व त्याच्या छायाप्रती व छायाचित्रे घेऊ द्यावीत."

"कथित" हा शब्द गाळू नका, नाहीतर कागद झाला हे तुम्ही मान्य केले असा अर्थ निघतो. "अस्सल" आणि "पाठीमागील बाजूसह" हेही हवेच, नाहीतर पुढच्या बाजूची झेरॉक्स हातात ठेवून काम झाले म्हणतात.

नोटीस भावाच्या वकिलांना द्या, स्थळप्रतीवर तारीख आणि सही घ्या, आणि ती स्थळप्रत कागदयादीने प्रकरणात दाखल करा. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. वकिलाच्या फायलीत राहिलेली नोटीस दोन वर्षांनी कोणाच्याही कामाची नसते.

नियम १७ प्रमाणे नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांत त्यांनी उलट नोटीस द्यायची आणि ती दिल्यापासून ३ दिवसांच्या आतली वेळ कळवायची. पाहणी त्यांच्या वकिलांच्या कार्यालयात. व्यापाराच्या रोजच्या वापरातल्या वह्या किंवा बँकेची खातेपुस्तके असतील तर ती जिथे ठेवली जातात तिथे. एखादा कागद दाखवायला हरकत असेल तर कोणता आणि का, हेही त्याच उत्तरात लिहायचे.

उत्तरच आले नाही तर? दोन गोष्टी होतात. पहिली, नियम १५ च्या शेवटी जी तरतूद आहे ती लागू होते: नोटीस मिळूनही न दाखवलेला कागद त्याला पुढे स्वतःच्या बाजूने पुराव्यात देता येत नाही. अपवाद दोन. कागद फक्त प्रतिवादीच्या स्वतःच्या मालकीहक्काचा असेल, किंवा न दाखवण्याला पुरेसे कारण होते असे न्यायालयाला पटले तर. वाटणीपत्र दोघांच्या हक्काचे असल्याने पहिला अपवाद इथे ओढूनताणूनच बसवावा लागेल. दुसरी गोष्ट, तुम्हाला नियम १८ खाली पाहणीच्या हुकुमासाठी अर्ज करता येतो. माझे मत विचाराल तर हा अर्ज लगेच द्या, बंदीच्या भरवशावर बसू नका. "पुरेसे कारण" हा दरवाजा व्यवहारात बराच रुंद उघडतो, आणि हुकूम मोडलेल्या पक्षकाराला जे भोगावे लागते ते नुसती नोटीस दुर्लक्षित करणाऱ्याला भोगावे लागत नाही.

पाहणीच्या दिवशी काय बघायचे

वकिलांसोबत तुम्हीही जा. घरातल्यांच्या सह्या तुम्ही ओळखता, वकील ओळखत नाहीत. चांगल्या उजेडात, शक्य तर सकाळी.

मुद्रांक पेपरच्या पाठीवर विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, विक्रीची तारीख, घेणाऱ्याचे नाव असते. विक्रीची तारीख दस्ताच्या तारखेनंतरची तर नाही? दोन मुद्रांक वापरले असतील तर अनुक्रमांक लागोपाठ आहेत का? घेणारा या कुटुंबातला आहे का? प्रत्येक पानावर सह्या आहेत की फक्त शेवटच्या? शेवटच्या पानावर सह्यांच्या वर मजकूर दाटीवाटीने बसवला आहे का? सही आधीच कोऱ्या पानावर घेतलेली असली की तसे दिसते.

मग मजकूर. मागाहून बनवलेला कागद बहुधा शाईत नाही, तपशिलात सापडतो. गट क्रमांकाचा जो पोटहिस्सा २००४ साली पडला तो १९९८ च्या कागदात कसा आला? हिंगोली जिल्हा परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, नंदुरबार आणि वाशीम १ जुलै १९९८ रोजी. त्याआधीच्या तारखेच्या कागदात ही जिल्ह्यांची नावे आली असतील तर तो कागद केव्हा टाइप झाला हे वेगळे सांगावे लागत नाही. रुपयाचे आजचे चिन्ह २०१० साली आले. साक्षीदारांची वये, मृत्यूच्या तारखा, वाड्याचा सिटी सर्व्हे क्रमांक, घरपट्टीचा क्रमांक, सगळे तुमच्या सरकारी उताऱ्यांशी ताडून पाहा. सरकारी दप्तर आधी काढायला सांगितले ते यासाठीही.

काहीही सापडले तरी तिथे बोलू नका, चेहऱ्यावरही येऊ देऊ नका. दाखवलेली विसंगती उलटतपासापर्यंत "टंकलेखनाची चूक" होऊन जाते. फोटो काढा, पाठीमागच्या बाजूचे आणि प्रत्येक सहीचे वेगळे. उठण्यापूर्वी एक छोटी नोंद करा: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, इतक्या पानांचा अस्सल कागद पाहिला, किंवा अस्सल न दाखवता छायाप्रतच दाखवली. दोन्ही वकिलांच्या सह्या घेऊन ती पुरशिसीने (न्यायालयाला द्यायच्या लेखी निवेदनाने) दाखल करा. नंतर तोच कागद एक पान वाढून आला तर ही नोंद उपयोगी पडते.

मुद्रांक अपुरा असेल तर घाईने "अस्सल न्यायालयात जप्त करा" असा अर्ज देण्याआधी विचार करा. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३३ खाली दस्त अटकावून ठेवला जाईल, पण तूट आणि दंड भरला की तो मुद्रांकापुरता शुद्ध होऊन परत येतो. नोंदणी नसल्याचा दोष तसाच राहतो, हे खरे. पण मुद्रांकाची हरकत कोणत्या टप्प्यावर घ्यायची हे तुमच्या वकिलांनी ठरवावे. ती घ्यायची मात्र दस्ताला निशाणी पडण्याआधी, म्हणजे तो पुराव्यात घेतला जाण्याआधी.

"तो कागद आता आमच्याकडे नाही"

हे उत्तर येणार असे धरून चला. तोंडी उत्तरावर थांबू नका, शपथेवर घ्या. त्यासाठी नियम १९(३) आहे: एखादा नेमका कागद तुमच्या ताब्यात आहे का, कधी होता का, आता नसेल तर कधी सोडला आणि त्याचे काय झाले, हे प्रतिज्ञापत्रावर सांगा, असा हुकूम न्यायालय देऊ शकते. अर्जासोबत तुमचे प्रतिज्ञापत्र लागते. तो कागद त्याच्याकडे आहे किंवा होता असे तुम्हाला वाटते आणि तो दाव्यातल्या मुद्द्याशी निगडित आहे, एवढे त्यात पुरे. वाटण्याला आधार जोडला तर अर्ज भारी होतो: फेरफार संचिकेतला जबाब, भावाचे जुने पत्र, सोसायटीकडे कर्जासाठी दिलेली प्रत.

नियम १२ ची व्याप्ती याहून मोठी आहे. त्यात एकाच कागदाचा नाही, तर दाव्यातल्या मुद्द्यांशी संबंधित, ताब्यातल्या किंवा कधीकाळी ताब्यात असलेल्या कागदांचा तपशील शपथेवर मागता येतो. मजा अशी की या अर्जाला प्रतिज्ञापत्र जोडण्याची गरज नाही. हुकूम झाला तर भावाला नमुना क्रमांक ५ मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात पहिल्या परिशिष्टाचे दोन भाग असतात: दाखवायला हरकत नसलेले कागद आणि हरकत असलेले. दुसऱ्या परिशिष्टात पूर्वी होते पण आता नाहीत असे कागद, ते शेवटचे कधी ताब्यात होते आणि आता कुठे आहेत. दुसरे परिशिष्ट कोरे ठेवून दिलेले प्रतिज्ञापत्र हरकत न घेता स्वीकारू नका. जिथे "गहाळ झाले" असे मोघम लिहिलेले असते तिथे पुढचा धागा असतो.

एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या टप्प्यावर कागद पुराव्यात ग्राह्य आहे की नाही हे बघायचे नसते, तो वादाच्या मुद्द्यावर प्रकाश टाकतो का एवढे पुरते. "हा कागद नोंदणीकृत नाही, मग दाखवायचा कशाला" या हरकतीला हे उत्तर आहे. पण त्याच नियमात असेही आहे की दाव्याच्या न्याय्य निकालासाठी किंवा खर्च वाचवण्यासाठी गरज नसेल तर न्यायालय हुकूम देणार नाही. म्हणून प्रत्येक वर्गापुढे एक वाक्य लिहा: हा कागद कैफियतीच्या कोणत्या परिच्छेदाशी भिडतो.

प्रश्नावलीचा रस्ताही याच ठिकाणी कामाला येतो. नियम १ खाली, न्यायालयाच्या परवानगीने, एका पक्षकाराला एकच संच देता येतो. दुसऱ्यासाठी वेगळा हुकूम लागतो. उत्तर १० दिवसांत प्रतिज्ञापत्रावर. त्यात उलटतपासाचे प्रश्न घुसवू नका, ते गाळले जातात. कागदापुरते विचारा: वाटणीपत्र कोणी लिहिले, कुठे लिहिले, साक्षीदार कोण, अस्सल आज कोणाकडे, किती प्रती झाल्या. सहा-सात प्रश्न पुरे.

उसाची बिले आणि भाड्याचा हिशेब

इथेच बहुतेक अर्ज पडतात, आणि पडण्याचे कारण योग्य असते. वाटणीच्या दाव्यात आधी हिस्सा ठरतो, प्राथमिक हुकूमनामा होतो, उत्पन्नाचा हिशेब त्यानंतर. "हिस्साच ठरला नाही तर बिले आत्ता कशाला?" या हरकतीवर नियम २० प्रमाणे न्यायालय मागणी पुढे ढकलू शकते. गेल्या वर्षीच्या बिलांसाठी आज झगडणे म्हणूनच वायफळ.

पण २००९ च्या जमिनीचा वाद वेगळा आहे. ती एकत्र कुटुंबाच्या उत्पन्नातून घेतली असे म्हणणाऱ्याने आधी दाखवायचे असते की एकत्र मिळकतीला तेवढे शिलकी उत्पन्न होते. ते दाखवले की ती स्वकष्टाची असल्याचा बोजा समोरच्यावर जातो. म्हणजे खरेदीच्या आधीच्या काही वर्षांची बिले हिशेबाची राहत नाहीत, मालकीच्या मुद्द्याची होतात. म्हणून मागणी अशी बांधा, नियम १४ खाली, मोजक्या ओळींत:

१. गाळप हंगाम २००५-०६ ते २००८-०९ ची ऊस बिले व वजनपावत्या, वडिलांच्या व प्रतिवादी क्र. १ च्या सभासद क्रमांकावरील.
२. त्याच काळातील वाड्याच्या भाडेकरूंच्या पावतीपुस्तकांची स्थळप्रत.
३. ज्या खात्यातून २००९ च्या खरेदीची रक्कम दिली, त्या खात्याचे खरेदीपूर्वीच्या २४ महिन्यांचे पासबुक.

खरेदीखतात रक्कम कशी दिली ते लिहिलेले असते. धनादेशाचा क्रमांक आणि बँकेचे नाव तिथून उचलून अर्जात टाका. "सर्व बँक खाती" लिहिलेत तर तिसरी ओळही गेली समजा.

बाकीच्या हिशेबासाठी वेगळा अर्ज: दावा चालू असेपर्यंत प्रतिवादीने उत्पन्नाचा हिशेब ठेवावा आणि ठरावीक मुदतीने दाखल करावा. तो मंजूर होण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि दोन्ही मागण्या एकाच अर्जात कोंबल्या तर कमजोर मागणी चांगलीलाही बुडवते.

कोणते कागद तुम्हाला मिळणारच नाहीत? भावाचा त्याच्या वकिलांशी झालेला सल्ल्याचा पत्रव्यवहार. त्यावर हक्क सांगू नका. बाकी "खासगी आहे", "कौटुंबिक आहे" ही कारणे विशेषाधिकारात बसत नाहीत. विशेषाधिकार खरा आहे का हे ठरवण्यासाठी न्यायाधीश कागद स्वतः पाहू शकतात, ही सोय नियम १९(२) मध्ये आहे. अर्जात ती मागून ठेवा.

हुकूम मोडला तर

नियम २१ खाली प्रतिवादीचा बचाव काढून टाकता येतो. वादीने मोडला तर दावा फेटाळला जातो आणि त्याच कारणावर नवा दावाही आणता येत नाही. वाचायला धडकी भरते, पण बब्बर सोइंग मशीन कंपनीच्या १९७८ च्या निकालापासून नियम पक्का आहे: निव्वळ उशीर पुरत नाही, हट्टाने किंवा जाणूनबुजून हुकूम डावलल्याचे दिसले पाहिजे. त्यामुळे पहिल्या अर्जावर खर्चासह शेवटची संधी, असा हुकूम होणे साहजिक आहे. तो तुमच्या फायद्याचा आहे. हट्ट दिसण्यासाठी रोजनाम्यात (न्यायालयाच्या तारीखवार नोंदीत) दोन-तीन संधी नोंदलेल्या लागतात. बचाव काढल्याच्या हुकुमावर ऑर्डर ४३ खाली अपील आहे. तुमचा कागद मागणारा अर्ज फेटाळला गेला तर अपील नाही, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालय, आणि तिथे अशा हुकुमांत सहसा हात घातला जात नाही. म्हणून सगळे कष्ट पहिल्या अर्जावर घ्या.

कागद शेवटपर्यंत आलाच नाही तर प्रतिकूल अनुमान राहते, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ खाली. गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध मोहमद हाजी लतीफ हा १९६८ चा निकाल कल्याणजवळच्या हाजी मलंग दर्ग्याच्या मिळकतीवरचा. ज्याच्या ताब्यात उत्तम पुरावा आहे त्याने तो दडवला तर शाबितीचा बोजा त्याच्यावर नसला तरी अनुमान त्याच्याविरुद्ध जाते, असे त्यात म्हटले आहे. पण हे अनुमान मागायला कागद होता, त्याच्याकडे होता आणि मागूनही दिला नाही, हे तीनही रेकॉर्डवर हवे.

ऑर्डर १२ नियम ८ ची नोटीस: काय करते आणि काय करत नाही

"नोटीस टु प्रोड्यूस" म्हणून जी सर्रास दिली जाते ती ही, नमुना १२. तिने कोणालाही कागद आणणे भाग पडत नाही. तिचे काम एवढेच की समोरच्याने अस्सल आणले नाही तर तुम्हाला नकलेवर दुय्यम पुरावा देता यावा. साक्ष्य अधिनियमाची कलमे ६० आणि ६४ इथे लागतात. दावा १ जुलै २०२४ पूर्वी प्रलंबित असेल तर जुन्या पुरावा कायद्याची कलमे ६५ आणि ६६.

यात एक सापळा आहे. नोटिशीने मागवलेला कागद समोरच्याने आणला आणि तुम्ही तो मागवून पाहिला, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६६ प्रमाणे त्याने म्हटल्यास तो तुम्हालाच पुराव्यात द्यावा लागतो. म्हणून ज्यात काय लिहिले आहे ते माहीत नाही असा कागद साक्षीच्या वेळी या नोटिशीने मागवू नका. आधी ऑर्डर ११ खाली पाहून घ्या. उलट बाजूने, नोटीस असूनही ज्याने कागद आणला नाही त्याला पुढे तोच कागद तुमच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या हुकुमाशिवाय पुराव्यात वापरता येत नाही, कलम १६७.

कारखाना, बँक, आडत्या

ऑर्डर ११ पक्षकारांपुरताच आहे. साखर कारखान्याला त्याखाली हुकूम होत नाही. सहकारी कारखान्याला थेट माहिती अधिकाराचा अर्जही बहुधा चालत नाही. २०१३ च्या थलप्पलम निकालानंतर सहकारी संस्था सरसकट सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. रस्ता ऑर्डर १६ नियम ६ चा: फक्त कागद हजर करण्याचे समन्स. मुद्दे निघाल्यापासून १५ दिवसांत साक्षीदारांची यादी द्यायची असते. त्यातच "शेती विभागाचे संबंधित लिपिक, सभासद क्रमांक अमुक, हंगाम अमुक ते अमुक" असे लिहा. सभासद क्रमांक नसेल तर समन्सवर "सापडत नाही" असे उत्तर येते, आणि ते खोटे नसते. बाजार समितीतल्या आडत्याकडच्या हिशोबपट्ट्यांसाठीही हेच.

बँकेसाठी बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्ट, १८९१ चे कलम ६ आहे. त्याखालचा पाहणीचा हुकूम बँकेला सुट्या सोडून ३ पूर्ण दिवस आधी बजवावा लागतो. पण बँकांवर जुने रेकॉर्ड कागदाच्या प्रकारानुसार ५ किंवा ८ वर्षेच जपण्याचे बंधन आहे. २००७-०८ चा खातेउतारा बँकेत उरला असेलच असे नाही. म्हणून भावाच्या पासबुकाची मागणी सोडू नका.

घरच्या व्हॉट्सअॅप गटावरचे संदेश तुमच्या फोनमध्ये असतील तर भावाचा फोन मागत बसू नका. तुमचाच फोन जपा, गटातून बाहेर पडू नका, आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे) प्रमाणपत्र दोन्ही भागांत, तुमचे आणि तज्ज्ञाचे, तयार करून घ्या. समोरच्याच्या ताब्यातल्या उपकरणाचे प्रमाणपत्र मिळत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करायचा, हे जालन्याच्या निवडणूक याचिकेवरून गेलेल्या २०२० च्या अर्जुन खोतकर निकालात स्पष्ट झाले आहे.

जाता जाता: हाच वाद घरच्या भागीदारी पेढीच्या कराराचा आणि ३ लाखांवरचा असता, तर व्यावसायिक न्यायालयांचा वेगळा ऑर्डर ११ लागला असता. तिथे विरुद्ध जाणारे कागदही दोन्ही बाजूंनी आपणहून आधीच द्यायचे असतात आणि पाहणी कैफियतीनंतर ३० दिवसांत संपवायची असते. शेतीच्या वाटणीला तो लागू नाही.

एवढे सगळे करूनही भाऊ एखादा कागद उलटतपासात तुमच्यासमोर अचानक धरू शकतो. उलटतपासासाठीचे कागद आधी दाखल करण्याच्या नियमातून वगळलेले आहेत, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध गेलेल्या मोहम्मद अब्दुल वाहिद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ठरवले की साक्षीदार स्वतः पक्षकार असला तरी ही सूट लागू आहे. त्यामुळे तुमच्या सहीचा कोणता कागद त्याच्याकडे असू शकतो, याची यादी आजच वकिलांजवळ करा: कर्जाच्या वेळची संमतीपत्रे, वारसनोंदीचा जबाब, आणि विशेषतः हक्कसोडपत्र. ते केलेले असेल तर दाव्यात लिहिलेले नसले तरी आत्ताच सांगा, म्हणजे दावादुरुस्तीचा अर्ज मुद्दे निघण्याआधी जाईल. चेंगलवराय नायडू प्रकरणात वाटणीचा दावा लावणाऱ्याने स्वतःच करून दिलेले सोडपत्र लपवले होते. मिळालेला प्राथमिक हुकूमनामा न्यायालयाची फसवणूक करून मिळवला म्हणून रद्दबातल ठरला.